रेड हूक सामुदायिक न्याय केंद्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

न्यायदान आणि समाजसेवा ही राज्यसंस्थेची दोन स्वतंत्र कार्ये मानली जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क शहरात ती एका छताखाली आणण्याचा प्रयत्न झाला. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाच्या यशाचे कारण शोधण्याचा हेतू आहे.

१९९३ साली टाइम्स स्क्वेअरनजीक मिडटाउन सामुदायिक न्यायालय सुरू झाले. दुकानातील चोरी, भिंती विद्रूप करणे अशा किरकोळ गुन्ह्यांत अल्प कारावासाने काहीच साधत नाही, असा अनुभव होता. त्यामुळे तेथे परिसरातील श्रमसेवा आणि व्यसनमुक्तीचे उपचार यांची सांगड शिक्षेशी घालण्यात आली.

ब्रुकलिनमधील रेड हूक ही जुनी गोदी कामगारांची वस्ती. बंदरातील रोजगार घटल्यावर तेथे दारिद्र्य व अमली पदार्थांचा व्यापार बोकाळला. डिसेंबर १९९२ मध्ये पॅट्रिक डेली हे मुख्याध्यापक शाळेतून निघून गेलेल्या एका विद्यार्थ्याचा शोध घेत असता टोळ्यांच्या गोळीबारात सापडून मृत्यू पावले. या आघातानंतर रहिवाशांशी विचारविनिमय करून योजना आखली गेली आणि २००० साली एका बंद पडलेल्या कॅथलिक शाळेच्या वास्तूत न्याय केंद्र उभे राहिले. फौजदारी, कौटुंबिक व भाडेकरूंची प्रकरणे तेथे एकाच न्यायाधीशापुढे चालू लागली. समुपदेशनादी सेवा तर खटला नसलेल्या रहिवाशांसही खुल्या होत्या.

२०१३ च्या स्वतंत्र मूल्यमापनानुसार तेथील प्रौढ आरोपींमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी, तर अल्पवयीनांमध्ये २० टक्क्यांनी कमी आढळले. याचे प्रमुख कारण मात्र शिक्षेची जरब किंवा उपचार हे नव्हते. न्यायालय आपल्याला न्यायाने वागवते, हा लोकांचा विश्वास हेच ते कारण होय, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

याच धर्तीवर २००५ साली इंग्लंडमध्ये उत्तर लिव्हरपूल येथे केंद्र स्थापन झाले. तेथे पुनर्गुन्ह्यांत घट झाल्याचा पुरावा २०१२ च्या सरकारी अभ्यासास मिळाला नाही. २०१३ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

यावरून असे म्हणता येईल की, सेवांची यादी आणि इमारतीचा आराखडा यांचे अनुकरण शक्य असते, परंतु विश्वास आयात करता येत नाही. शिवाय न्यायासनावरून सुचवलेला उपचार नाकारण्याची मोकळीक आरोपीला खरोखर असते काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे प्रामाणिक उत्तर शोधणे ही अशा प्रत्येक न्यायालयाची कसोटी होय.