ठाणे-कल्याण परिसरातील मुस्लिमविरोधी पूर्वग्रह

इस्लामद्वेष अथवा इस्लामोफोबिया म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाऐवजी तिच्या मुस्लिम असण्यावरून तिच्याविषयी निष्कर्ष काढणे आणि त्यानुसार तिला भीती, तिरस्कार किंवा भेदभावाची वागणूक देणे. ब्रिटनमधील रनिमीड ट्रस्टच्या १९९७ च्या अहवालानंतर ही संज्ञा रूढ झाली. धर्माची चिकित्सा आणि धर्मीयांचा द्वेष या भिन्न गोष्टी आहेत. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई यांनी मुस्लिम समाजातील प्रथांवर कठोर टीका केली, परंतु तिला इस्लामद्वेष म्हणता येत नाही.

== पार्श्वभूमी ==
ठाणे, कल्याण व भिवंडी या भागांत कोकणी मुस्लिमांची वस्ती जुनी आहे. त्यामुळे ‘बाहेरून आलेले’ हे वर्णन या समाजाला मुळातच लागू पडत नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत ९०० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५७५ मुस्लिम होत्या, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. यानंतर अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षितता आणि परवडणारे घर यांच्या शोधात ठाणे महापालिकेच्या हद्दीतील मुंब्रा-कौसा येथे स्थलांतरित झाली. पुढे याच वस्तीला हेटाळणीने ‘मिनी पाकिस्तान’ म्हटले जाऊ लागले. भीतीने एकत्र आलेल्या लोकांवरच ते वेगळे राहतात असा आरोप होऊ लागला.

== घर आणि नोकरी ==
पूर्वग्रहाचे सर्वांत नित्याचे रूप घर शोधताना दिसते. नाव ऐकताच ‘जागा गेली’ असे सांगितले जाते, किंवा सोसायटीच्या नियमाचा मोघम हवाला दिला जातो. असा नकार बहुधा तोंडी आणि दलालामार्फत येत असल्याने पुरावा उरत नाही. मुस्लिमांना घर विकत वा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची दखल सच्चर समितीने २००६ मध्ये घेतली होती.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. मात्र भाडेकरू हा सदस्य नसतो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(१) चे बंधन शासनसंस्थेवर आहे, खासगी घरमालकावर नाही. शिवाय एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. कायद्यातील ही पोकळी अद्याप भरलेली नाही.

लेखी नकाराचे महत्त्व २०१५ मध्ये दिसले. मुंबईतील एका हिरे निर्यातदार कंपनीने मुस्लिम उमेदवाराला ‘आम्ही केवळ बिगरमुस्लिमांना घेतो’ अशा आशयाचे ई-मेल उत्तर पाठवले. त्या लेखी उत्तराच्या आधारेच गुन्हा नोंदवता आला.

== रेल्वे प्रवास ==
२८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्सप्रेसमधून कल्याणला मुलीकडे निघालेल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशास, गोमांस बाळगल्याच्या संशयावरून, सहप्रवाशांनी इगतपुरीजवळ मारहाण केली. आपल्याजवळील मांस म्हशीचे असल्याचे ते सांगत होते. डबा प्रवाशांनी भरलेला होता. चित्रफीत पसरल्यावर ठाणे लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आरोपींना प्रारंभी जामीन मिळाला. टीकेनंतर दरोड्यासंबंधीचे व धार्मिक भावना दुखावण्याचे कलम वाढवण्यात आले. महाराष्ट्रातील २०१५ चा कायदा गाय, बैल व वळू यांच्या हत्येस बंदी घालतो, म्हशीच्या नव्हे. आणि मांस कोणतेही असो, झडती घेण्याचा अधिकार सहप्रवाशांना नसतो.

अशा प्रसंगी १३९ या रेल्वे मदत क्रमांकावर डब्याचा व पुढील स्थानकाचा तपशील कळवता येतो. मारणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा पीडिताशेजारी जाऊन बसणे व त्याच्याशी बोलत राहणे बहुधा अधिक सुरक्षित असते. जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले. द्वेषपूर्ण भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवण्याचा आदेश २०२३ मध्ये सर्व राज्यांना लागू करण्यात आला.

== भिवंडीतील मोहल्ला समित्या ==
कल्याणशेजारील भिवंडी १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दंगल पेटल्यावर शांतता समिती बोलावण्याची जुनी पद्धत बदलून, दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व पोलीस हवालदार यांना एरवीच नियमित भेटवण्यावर त्यांचा भर होता. परिचय असल्याने अफवेची शहानिशा थेट शेजाऱ्याकडे करता येई. मुंबई जळत असताना १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. जुलै २००६ मध्ये मात्र पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे पुन्हा हिंसाचार झाला. त्यात गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मृत्युमुखी पडले.