सावलीवरून अग्नीचा शोध

आइसलंडच्या उत्तर भागांत क्राफ्ला नांवाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पोटांतील वाफेवर वीज निर्माण करण्याचें काम इ. स. 1975 च्या सुमारास तेथें हातीं घेण्यांत आलें. आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत ज्वालामुखी जागा झाला! 1984 पर्यंत त्यानें नऊ वेळां लाव्हा ओकला. आम्ल वायु विहिरींत शिरून लोखंडी नळ खाऊं लागले. 1977 मध्यें तर बियार्नारफ्लाग येथील एका वाफेच्या विहिरीच्या तोंडांतूनच लाव्हा उसळला. दोन यंत्रांपैकीं दुसरें चालू व्हावयास 1997 साल उजाडलें.

एक विंधणविहीर वायां गेली तरी मोठें द्रव्य मातींत जातें. तेव्हां न खणतां पाताळाचें चित्र कसें काढावें?

भूकंपाची एक लहर द्रवांतून जाते, दुसरी जात नाहीं. क्राफ्ल्याखालून येतांना ही दुसरी लहर कांहीं ठिकाणीं नाहींशी होते, असें भूकंपशास्त्रज्ञ पाउल एइनारसन यांनीं 1978 मध्यें दाखवून दिलें. दिव्यापुढें हात धरला असतां भिंतीवर सावली पडावी, तशी ती शिलारसाची सावली होती. तिचा माथा सुमारें 3 किलोमीटर खोल ठरला.

दुसरी रीत विजेची. कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1912 मध्यें जमिनींत वीज सोडून खडकांचा विरोध मोजण्यास आरंभ केला. उष्ण, खारट पाण्यानें भिजलेल्या खडकांत विरोध कमी. म्हणून कमी विरोध दिसेल तेथें विंधावें, हा सरळ हिशेब. परंतु आइसलंडांत निराळेंच आढळलें. तो थर केवळ झांकण असून त्याखालीं विरोध पुन्हां वाढतो! कारण मध्यम उष्णतेंत खडकाची जी चिकणमाती होते तिच्यांतून वीज सहज वाहते. सुमारें 230 अंशांपलीकडे तिचें दुसरें खनिज बनतें, आणि तें वीज अडवितें. भरघोस वाफ बहुधा ह्या झांकणाखालींच. मात्र खडक पुढें थंड झाला तरी हें खनिज तसेंच राहतें. म्हणजे चित्र कधीं कधीं आजच्या उष्णतेचें नसून गतकालच्या उष्णतेचें असतें. ही फसगत महागांत पडते.

एवढें ज्ञान जमल्यावर 2009 मध्यें क्राफ्ल्यांत साडेचार किलोमीटर खोल जाण्याच्या इराद्यानें विंधण सुरू झालें. त्या जागीं इतक्या वर शिलारस असल्याचें कोणत्याही चित्रांत दिसलें नव्हतें. सुमारें 2,100 मीटरांवर विंधणी अडकली, आणि पाण्याबरोबर काचेचे कण वर आले. ती काच म्हणजे एकाएकीं थिजलेला शिलारसच! लहरींच्या चाळणीला एवढा लहानसा सांठा सांपडला नव्हता. विहिरीनें पुढें सुमारें 450 अंश उष्णतेची वाफ दिली. 2012 मध्यें झडपा बिघडल्यानें ती बंद करावी लागली. पुढें त्याच शिलारसापर्यंत मुद्दाम विंधण नेण्याची योजना शास्त्रज्ञांनीं आंखली.