वाहन नोंदणी प्रमाणपत्रातील चुका व त्यांची दुरुस्ती

वाहन नोंदणी प्रमाणपत्र (बोलीभाषेत 'आरसी' किंवा 'आरसी बुक') हा मोटार वाहनाची ओळख आणि त्याच्या मालकाचे नाव सांगणारा शासकीय दस्तऐवज आहे. या प्रमाणपत्रावर किंवा त्यामागील मूळ नोंदवहीत मालकाचे नाव, पत्ता, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार, उत्पादनाचा महिना इत्यादी तपशील चुकीचा नोंदला गेल्यास त्यास नोंदणीतील चूक म्हणतात. अशी चूक अनेकदा वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. वाहन विकताना, विम्याचा दावा करताना, कर्जाचा बोजा उतरवताना किंवा उच्च सुरक्षा नोंदणी पाटीसाठी अर्ज करताना ती अचानक समोर येते. भारतात या विषयाचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांद्वारे होते. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी राज्याचा मोटार वाहन विभाग प्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत (आरटीओ) करतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याने १९३९ च्या अधिनियमाची जागा घेतली. कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम ४० नुसार मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण, जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाते, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करता येते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते.

नोंदणीसाठीचा अर्ज नमुना २० मध्ये केला जातो. त्यासोबत वितरकाचे विक्री प्रमाणपत्र (नमुना २१) आणि उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र (नमुना २२) जोडलेले असते. प्रमाणपत्र नमुना २३ मध्ये, तर स्मार्ट कार्ड नमुना २३-अ मध्ये दिले जाते. कार्यालयाची मूळ नोंदवही नमुना २४ मध्ये असते. आता ही नोंदवही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'वाहन' या संगणक प्रणालीत ठेवली जाते. हातातील कार्ड ही या नोंदवहीची प्रत होय. त्यामुळे कार्डावर दिसणारी चूक मूळ नोंदीत आहे की केवळ छपाईत, हे आधी ठरवावे लागते.

दुरुस्ती, बदल आणि तफावत

व्यवहारात तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'चूक' म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे मार्ग भिन्न आहेत.

दुरुस्ती : नोंद करतेवेळीच तपशील चुकला असल्यास ती दुरुस्तीची बाब ठरते. उदाहरणार्थ, नावातील अक्षर गळणे किंवा चासी क्रमांकातील दोन अंकांची अदलाबदल होणे. केंद्रीय नियमांतील नमुना २० ते ३६ या मालिकेत केवळ अशा दुरुस्तीसाठी स्वतंत्र नमुना नाही. त्यामुळे कारण स्पष्ट करणारा अर्ज व पुरावे जोडून नोंदणी प्राधिकाऱ्याकडे मागणी करावी लागते.

बदल : नोंद करतेवेळी तपशील बरोबर होता, परंतु नंतर वस्तुस्थिती पालटली, तर तो बदल होय. त्यासाठी निश्चित नमुने व मुदती आहेत. पत्ता बदलल्यास कलम ४९ नुसार ३० दिवसांत नमुना ३३ मध्ये कळवावे लागते. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१, कर्जाचा बोजा चढवण्यासाठी नमुना ३४ आणि तो उतरवण्यासाठी नमुना ३५ वापरतात. इंजिन बदलणे हा कलम ५२ खालील फेरफार आहे. पूर्वमंजुरीविना तो झाला असल्यास १४ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे.

तफावत : वाहनावर कोरलेला चासी किंवा इंजिन क्रमांक आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक जुळत नसतील, तर ती सर्वांत गंभीर स्थिती असते. कलम ५५(५) नुसार अशा वाहनाच्या मालकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लेखी नमूद करून नोंदणी रद्द केली जाते. म्हणूनच लिपिकाच्या हातून झालेली साधी अंकांची चूकही वेळीच दुरुस्त करून घेणे मालकाच्या हिताचे असते. अन्यथा प्रामाणिक मालकालाही वाहन आपलेच आहे, हे सिद्ध करण्याची वेळ येते.

चुकांचे सामान्य प्रकार

चासी क्रमांक : आधुनिक वाहनांचा चासी क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो व त्याची रचना आंतरराष्ट्रीय मानकाला अनुसरून केलेली असते. एक व शून्य या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत. प्रमाणपत्रावरील अशा क्रमांकात यांपैकी एखादे अक्षर आढळले किंवा एकूण अक्षरांक १७ पेक्षा कमी-अधिक भरले, तर वाहन न पाहताही नोंद चुकीची असल्याचे कळते. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची ओळख देतात. उदाहरणार्थ, 'एमएटी' ही टाटा मोटर्सची, तर 'एमडी२' ही बजाज ऑटोची खूण आहे. इंजिन क्रमांकाची रचना मात्र प्रत्येक उत्पादकाची वेगळी असल्याने त्याची पडताळणी वाहनावरील कोरीव क्रमांकावरूनच करावी लागते.

इंधन व उत्सर्जन मानक : पेट्रोल, डिझेल व सीएनजी यांनुसार महाराष्ट्रात वाहन कराचा दर बदलतो. प्रदूषण नियंत्रण तपासणीची पद्धतही इंधनावर अवलंबून असते. भारत स्टेज ६ हे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्यामुळे २०२१ मध्ये तयार झालेल्या मोटारीपुढे 'भारत स्टेज ४' अशी नोंद दिसल्यास ती चूक असल्याचे उघड आहे.

उत्पादनाचा महिना व वर्ष : नोंदणीचा दिनांक आणि उत्पादनाचा महिना यांची अनेकदा गल्लत होते. विम्यातील वाहनाचे मूल्य आणि पुनर्विक्रीची किंमत यांवर त्याचा परिणाम होतो.

बोजाची नोंद : कर्ज फिटूनही वित्तसंस्थेचे नाव प्रमाणपत्रावर कायम राहणे ही नित्याची अडचण आहे. ही चूक नसून प्रलंबित राहिलेला बदल असतो. तथापि विक्रीच्या वेळी तो तितकाच अडसर ठरतो.

मोबाइल क्रमांक : हा कार्डावर छापलेला नसतो, परंतु प्रणालीत नोंदलेला असतो. तो चुकीचा किंवा वितरकाचाच असल्यास ई-चलनाचे संदेश मालकापर्यंत पोहोचत नाहीत आणि ऑनलाइन सेवांसाठीचा एकवेळ संकेतांकही मिळत नाही.

मराठी नावांचे रोमन लेखन

प्रमाणपत्रावरील नावे रोमन लिपीत असल्याने मराठी नावांच्या बाबतीत एक वेगळाच प्रश्न उद्भवतो. 'ज्ञ', 'क्ष', 'ळ' आणि 'व' या वर्णांसाठी रोमन लिपीत एकच रूढ लेखन नाही. ज्ञानेश्वर, लक्ष्मी, विठ्ठल यांसारखी नावे आधार पत्र, पॅन पत्र व शाळा सोडल्याचा दाखला यांवर तीन प्रकारे लिहिलेली आढळतात. शिवाय महाराष्ट्रात काही कागदपत्रांवर आडनाव आधी, तर काहींवर शेवटी लिहितात. मधले नाव वडिलांचे की पतीचे, यानुसारही नोंदी बदलतात. देवनागरीत एकच असलेली व्यक्ती रोमन लिपीत अशा रीतीने दोन व्यक्तींसारखी दिसू लागते.

येथेही दुरुस्ती व बदल यांतील भेद लागू होतो. अक्षरलेखनातील चूक असल्यास नोंदणीच्या वेळी सादर केलेला ओळखीचा पुरावा पुरेसा आधार ठरतो. विवाहानंतर किंवा स्वेच्छेने नावच बदलले असल्यास विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी असा स्वतंत्र पुरावा लागतो.

चुकांची कारणे

नव्या वाहनाची माहिती बहुधा वितरकाच्या स्तरावर संगणकात भरली जाते. २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमानंतर अधिकृत वितरकाने विकलेले नवे वाहन नोंदणीसाठी प्राधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष हजर करण्याची आवश्यकता राहिली नाही. त्यामुळे ग्राहकाचा वेळ वाचला, परंतु तपासणीचा एक टप्पा कमी झाला. साहजिकच अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो वाचण्याची ग्राहकाची जबाबदारी वाढली आहे.

जुन्या वाहनांच्या बाबतीत कारण निराळे असते. कागदी नोंदवह्यांतील माहिती संगणकात उतरवताना काही नोंदी अपुऱ्या राहिल्या, तर काही चुकीच्या झाल्या. कार्यालयीन भाषेत अशा राहून गेलेल्या नोंदी भरण्याच्या कामास 'बॅकलॉग' म्हणतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवण्याची मोहीम महाराष्ट्रात हाती घेण्यात आली. पाटीची मागणी नोंदवताना भरलेले चासी व इंजिन क्रमांक प्रणालीतील नोंदीशी ताडले जात असल्याने अशा दडून राहिलेल्या चुका उजेडात आल्या.

परिणाम

कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी, तोच मालक मानला जातो (कलम २(३०)). सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निर्णयात, वाहन प्रत्यक्षात अनेकदा विकले गेले असले तरी नोंदवहीत ज्याचे नाव कायम आहे, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईचे दायित्व येते, असे स्पष्ट केले. नावाच्या नोंदीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून दिसते. याखेरीज विम्याचा दावा रखडणे, मालकी हस्तांतरण थांबणे, परराज्यात जाण्यासाठीचे ना हरकत प्रमाणपत्र न मिळणे आणि मालकाच्या मृत्यूनंतर वारसांना अडचण होणे, असे परिणाम संभवतात.

दुरुस्तीची प्रक्रिया

१. तुलना : कार्डावरील तपशील डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या उपयोजनातील नोंदीशी ताडून पाहावा. प्रणालीत नोंद बरोबर असून कार्डावरच चूक असेल, तर ती छपाईची चूक ठरते. दोन्हीकडे चूक असल्यास मूळ नोंद सुधारावी लागते.

२. पुरावे : विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचे प्रमाणपत्र, खरेदीची पावती, विमापत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि मूळ प्रमाणपत्र एकत्र करावे. चासी व इंजिन क्रमांकासाठी वाहनावरील कोरीव क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र किंवा पेन्सिलने घेतलेला छाप उपयोगी पडतो.

३. अर्ज : 'चुकीची नोंद' आणि 'अपेक्षित नोंद' असे दोन स्तंभ करून प्रत्येक नोंदीसमोर पुराव्याचा उल्लेख करावा. चूक वितरकाची असल्यास त्याचे पत्र जोडावे. वाहनावर कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे संमतिपत्रही जोडणे इष्ट असते.

४. तपासणी : क्रमांकांच्या दुरुस्तीसाठी मोटार वाहन निरीक्षकाकडून वाहनाची प्रत्यक्ष पाहणी होते. नावातील अक्षराच्या दुरुस्तीत कागदपत्रांची पडताळणी केली जाते.

५. पोच : अर्जाची पोच व शुल्काची पावती नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत जपून ठेवावी. शुल्काचे दर केंद्रीय नियम ८१ मध्ये दिलेले आहेत.

६. अनुषंगिक नोंदी : प्रमाणपत्र सुधारल्यावर विमापत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र व फास्टॅग यांतील तपशीलही जुळवून घ्यावा. हे न केल्यास एक चूक सुधारताना दुसरी तफावत निर्माण होते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

ठाणे शहरातील वाहनांची नोंदणी एमएच-०४ या संकेताखाली, तर कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वाहनांची नोंदणी एमएच-०५ खाली होते. नवी मुंबईतील वाशी कार्यालयाचा संकेत एमएच-४३ आहे. ठाण्यातून डोंबिवलीस स्थलांतर केल्यास वाहनाचा क्रमांक बदलत नाही, कारण राज्य तेच राहते. पत्त्याची नोंद मात्र कलम ४९ नुसार नव्या क्षेत्राच्या कार्यालयात करावी लागते. त्यामुळे एमएच-०४ क्रमांकाच्या गाडीवर डोंबिवलीचा पत्ता असणे ही चूक नव्हे.

पत्त्यातील चुकांच्या दृष्टीने ठाण्यातील वर्तकनगर हे बोलके उदाहरण आहे. पोखरण रस्ता क्रमांक १ वरील या वस्तीत गृहनिर्माण मंडळाच्या (म्हाडा) जुन्या इमारती केवळ क्रमांकाने ओळखल्या जात. पुनर्विकासानंतर त्यांतील काहींच्या जागी नव्या नावांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. घरमालक तोच आणि जागाही तीच असली, तरी जुना इमारत क्रमांक व खोली क्रमांक निरुपयोगी ठरतो. हे बदलाचे प्रकरण असल्याने त्यासाठी दुरुस्तीचा साधा अर्ज पुरत नाही. नमुना ३३ आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. पोखरण रस्ता क्रमांक १ व २ यांची अदलाबदल किंवा ४००६०६ या पिनकोडातील एखादा अंक चुकणे ही मात्र दुरुस्तीची बाब होय. प्रमाणपत्र टपालाने घरी पाठवले जात असल्याने पत्त्यातील अशी लहानशी चूकही कार्ड परत जाण्यास कारणीभूत ठरते.

दाद मागण्याचे मार्ग

नोंदणी प्राधिकाऱ्याने नोंदणी नाकारल्यास किंवा रद्द केल्यास कलम ५७ नुसार आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अर्ज प्रलंबित राहिल्यास 'आपले सरकार' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. अधिसूचित सेवांच्या बाबतीत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपिलाची तरतूद आहे. अर्जावर कोणती कार्यवाही झाली, याची माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते. वितरकाच्या चुकीमुळे नुकसान झाले असल्यास ती सेवेतील त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे नेता येते. ठाणे जिल्ह्यासाठी हा आयोग ठाण्यात आहे.

हे सुद्धा पहा

मोटार वाहन अधिनियम, १९८८
प्रादेशिक परिवहन कार्यालय
उच्च सुरक्षा नोंदणी पाटी
डिजिलॉकर
वर्तकनगर