नॅनोअँटेना, सिलिकॉनवरील प्लाझ्मॉनिक

सिलिकॉनच्या पृष्ठावर घडवलेली, साधारणपणे ५० नॅनोमीटर ते काही शे नॅनोमीटर लांबीची आणि प्रकाशाची ऊर्जा त्याच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान जागेत एकवटणारी धातूची रचना. रेडिओचा अँटेना अवकाशातून येणारे तरंग पकडून त्यांची ऊर्जा तारेत उतरवतो, त्याप्रमाणे ही रचना दृश्य किंवा अवरक्त प्रकाश पकडून तो आपल्या टोकांपाशी किंवा दोन तुकड्यांमधील फटीत आणून ठेवते. त्या जागी एखादा रेणू येऊन बसला, की रचनेकडून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंवा तीव्रता बदलते आणि त्यावरून रेणू ओळखता येतो. संवेदकासाठी असा अँटेना आखताना सगळे गणित अखेर एका प्रश्नापाशी येऊन ठेपते : एकवटलेले क्षेत्र नेमके कोठे आहे, आणि रेणूला तेथे पोहोचता येते का? आधार सिलिकॉनचा असला की हा प्रश्न विशेष अवघड होतो.

धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या आंदोलित विद्युत् क्षेत्राबरोबर एकजुटीने मागेपुढे झुलतात. या सामूहिक आंदोलनाला प्लाझ्मॉन म्हणतात. त्याची स्वाभाविक वारंवारता प्रकाशाच्या वारंवारतेशी जुळली, म्हणजे अनुस्पंदन झाले, की धातूलगतचे क्षेत्र मूळ प्रकाशाच्या अनेक पट तीव्र होते. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे माणकासारख्या लाल दिसणाऱ्या द्रावाचा अभ्यास केला, गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये गोल कणांमुळे होणाऱ्या प्रकीर्णनाचे गणित मांडले आणि रूफस रिची यांनी १९५७ मध्ये पृष्ठालगतच्या प्लाझ्मॉनांचे भाकीत केले.

रेडिओच्या साध्या अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी ठेवली की काम भागते. प्रकाशाच्या वारंवारतेला मात्र सोने आदर्श संवाहक राहत नाही, प्रकाश त्याच्या आत सुमारे २५ नॅनोमीटर शिरतो आणि त्यामुळे अँटेनाला ‘जाणवणारी’ तरंगलांबी मूळ तरंगलांबीहून बरीच आखूड असते. ही परिणामी तरंगलांबी धातूचे गुणधर्म, दांड्याची जाडी आणि भोवतालचे माध्यम यांवरून कशी काढावी, याचा सोपा नियम लुकास नोव्होटनी यांनी २००७ मध्ये दिला. एका दांड्याऐवजी दोन दांडे, किंवा टोकाला टोक भिडण्याच्या बेतात असलेले दोन त्रिकोण, समोरासमोर ठेवले तर मधल्या फटीत क्षेत्र आणखी वाढते. फट जितकी अरुंद, तितकी वाढ अधिक. परंतु १ नॅनोमीटरच्या खाली इलेक्ट्रॉन फट ओलांडून पलीकडे जाऊ लागतात आणि मिळालेली वाढ ओसरते.

सिलिकॉनचा अपवर्तनांक अवरक्तात सुमारे ३.५ आहे, काचेचा सुमारे १.४५ आणि पाण्याचा १.३३. अपवर्तनांक जास्त असलेल्या बाजूला क्षेत्र ओढले जाते, त्यामुळे काचेवरचा सोन्याचा दांडा तसाच उचलून सिलिकॉनवर ठेवला, तर त्याचे अनुस्पंदन लांब तरंगलांबीकडे सरकतेच, शिवाय क्षेत्राचा मोठा हिस्सा खाली सिलिकॉनमध्ये गडप होतो. शोधायचा रेणू असतो वरच्या पाण्यात. अशा अँटेनाचे अनुस्पंदन कितीही ठळक असले तरी संवेदक म्हणून तो मंदच राहतो, आणि केवळ वर्णपटातील शिखर पाहून आखलेल्या रचना बहुधा येथेच फसतात. यावर दोन उपाय रूढ आहेत : अँटेना आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा थर देणे, किंवा अँटेनाखालचे सिलिकॉन कोरून काढून त्याला अरुंद चौथऱ्यावर उभे करणे. दुसऱ्या उपायाने क्षेत्राची सर्वांत तीव्र जागा द्रवासाठी खुली होते, पण अँटेनाचा आधार कमकुवत होतो आणि त्यात निर्माण होणारी उष्णता खाली वाहून जाणेही अवघड होते.

हे सारे सोसूनही सिलिकॉन निवडण्यामागे सबळ कारणे आहेत. सिलिकॉनचे पट्ट-अंतर, म्हणजे त्यातील बद्ध इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने सुमारे १,१०० नॅनोमीटरच्या पलीकडे ते पारदर्शक असते. म्हणून २२० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या पट्टीतून १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश वाहून नेता येतो आणि पट्टीवरच बसवलेल्या अँटेनाला सूक्ष्मदर्शकावाचून पुरवता येतो. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. सोन्याच्या अँटेनात प्लाझ्मॉन विरताना निर्माण होणारे ‘तप्त’ इलेक्ट्रॉन धातू आणि सिलिकॉन यांच्या सीमेवरील शॉटकी अडसर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना अडवणारी ऊर्जेची पायरी, ओलांडून सिलिकॉनमध्ये उतरतात, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे पट्ट-अंतराहून कमी ऊर्जेचा प्रकाशही विद्युत् प्रवाहाच्या रूपात मोजता आला आणि अँटेना स्वतःच शोधक झाला.

धातूची निवड केवळ प्रकाशशास्त्रावर ठरत नाही. सोने गंजत नाही, आणि गंधकयुक्त थायॉल रेणू त्याला घट्ट चिकटत असल्याने शोधायचा रेणू पकडणारी प्रतिपिंडे बसवणे सोपे जाते. पण सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये सहज शिरतात, तेथे विद्युत् भार अडकवणाऱ्या ऊर्जापातळ्या निर्माण करतात, आणि ३६३ अंश सेल्सिअसला या दोहोंचे मिश्रण वितळते. चिप तयार करणाऱ्या कारखान्यांत सोन्याला म्हणूनच सहसा मज्जाव असतो, आणि ॲल्युमिनियम, तांबे व टायटॅनियम नायट्राइड यांचा विचार होतो. सोने चिकटावे म्हणून खाली दिलेला क्रोमियम किंवा टायटॅनियमचा काही नॅनोमीटरचा थरदेखील अनुस्पंदन बोथट करतो.

संवेदनाची सर्वांत साधी रीत म्हणजे अनुस्पंदनाचे सरकणे मोजणे. अपवर्तनांकातील एकक बदलामागे शिखर किती नॅनोमीटर सरकते ही संवेदनशीलता. तिला शिखराच्या रुंदीने भागले की संवेदकाचा गुणांक मिळतो. अँटेनाचे क्षेत्र पृष्ठापासून १०–२० नॅनोमीटरमध्येच विरते आणि प्रतिपिंडाची लांबीच सुमारे १० नॅनोमीटर असते, त्यामुळे त्याने पकडलेले प्रथिन क्षेत्राच्या काठावर पडते. आखूड ग्राही रेणू वापरण्याचा लाभ येथे अँटेनाच्या आकारात केलेल्या सुधारणेहूनही मोठा ठरू शकतो.

रेणूची ओळखच पटवायची असेल, तर चं. व्यं. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधलेला परिणाम उपयोगी पडतो; त्यात प्रकीर्ण प्रकाशाची तरंगलांबी रेणूच्या कंपनांनुसार बदलते. या परिणामाचा संकेत अतिशय क्षीण असतो, पण खडबडीत चांदीवर तो विलक्षण वाढतो हे १९७० च्या दशकात लक्षात आले; ही वाढ स्थूलमानाने क्षेत्रवृद्धीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. सिलिकॉनची स्वतःची रामन रेषा ५२० प्रति सेंटिमीटरवर ठळकपणे उमटते. उपकरण जुळवण्यासाठी ती सोयीची, तर त्या भागातील रेणूंच्या रेषा झाकणारी. मध्य-अवरक्तात रेणूंची कंपने थेट शोषणातून दिसतात आणि तेथे धातूऐवजी, अपद्रव्ये भरपूर मिसळून इलेक्ट्रॉनांनी समृद्ध केलेले अर्धसंवाहकही चालतात. सिलिकॉनवर वाढवलेल्या अशा जर्मेनियमचे अँटेना २०१५ मध्ये वापरले गेले.

आखणीसाठी केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली, अवकाश आणि काळ यांचे लहान तुकडे पाडून मॅक्सवेलची समीकरणे सोडवण्याची पद्धत सर्रास वापरतात. संगणकातील टोकदार कोपरे इलेक्ट्रॉन-शलाकेने कोरताना गोलावतात, आणि अरुंद फटीत दोन-तीन नॅनोमीटरचा फरकदेखील शिखर हलवतो. म्हणून जाणते अभिकल्पक सर्वोत्तम आकड्यापेक्षा अशा चुका सोसणारी रचना पसंत करतात.

धातू पूर्णपणे वगळून केवळ सिलिकॉनच्या कणांतही गुस्टाफ मी यांच्या गणितातील अनुस्पंदने (मी-अनुस्पंदने) मिळतात. दृश्य प्रकाशातील त्यांचा चुंबकीय प्रतिसाद २०१२ मध्ये प्रयोगाने दिसला. काटेकोरपणे हे प्लाझ्मॉनिक अँटेना नव्हेत. अवरक्तात ते जवळजवळ तापत नाहीत, ही नाजूक प्रथिनांसाठी मोठी सोय आहे. मात्र त्यांचे क्षेत्र बरेचसे कणाच्या पोटातच राहते, आणि ते रेणूपर्यंत आणण्यासाठी सिलिकॉनच्या चकतीत मधोमध छिद्र किंवा फट कोरावी लागते.