बडनेऱ्याचा फाटा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने मुंबईहून निघालेला आपला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचविला, तेव्हा तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाडच्या काळ्या मातीतून गेला खरा. परंतु जिच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला 'ऊमरा' हे नाव पडले, ती अमरावती मात्र त्या मार्गापासून तीनेक कोस बाजूला राहिली, आणि तिच्या वाट्याला पुढे बडनेऱ्याहून निघणारा एक फाटा तेवढा आला. बडनेऱ्यास उतरावे, गाठोडे सांभाळावे आणि पुढच्या गाडीची वाट पाहावी, हा अमरावतीकराच्या कैक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला प्रवासधर्म होय. मूळ मार्ग ज्यांच्यासाठी आखला त्यांच्या सोयीने तो चालतो. फाट्यावरच्याने त्या सोयीशी जुळवून घ्यावे, अशी वहिवाटच पडून गेली आहे. ही गोष्ट मला आठवली ती मात्र रेल्वेच्या निमित्ताने नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमरावती आणि अकोला या दोन शहरांत संगणकावरील खेळांचा जो एक छोटासा, आता जवळजवळ नामशेष झालेला व्यवसाय नांदला, त्याची कैफियत लिहू गेलो, आणि प्रत्येक वळणावर बडनेरा आडवे आले.

विदेश संचार निगमाने १९९५ च्या १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते जिल्ह्याच्या गावांत झिरपत येता येता शतक उलटले. सायबर कॅफे नावाची दुकाने अमरावतीत कॉलेजांच्या आसपास आणि अकोल्यात बाजारपेठेच्या रस्त्यांवर निघाली, ती मुळात ईमेल पाहण्यासाठी आणि परीक्षांचे निकाल छापून घेण्यासाठी. निकालाचा हंगाम संपला की दुकानदाराची यंत्रे रिकामी बसत. मग कोणा चाणाक्ष मालकाच्या ध्यानात आले की आठ-दहा संगणक एकमेकांना निळ्या तारेने जोडले तर बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध न ठेवता पोरे तासन् तास बसतात, आणि तासाचे दहा-वीस रुपये बिनतक्रार मोजतात. या जोडणीला 'लॅन' म्हणत. 'चल, लॅन खेळू' या तीन शब्दांत आमच्या पिढीच्या कित्येक संध्याकाळी मावळल्या.

त्या खोल्यांचे अधिदैवत होते काउंटर-स्ट्राइक. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या दुसऱ्याच्या खेळावर हौसेने चढविलेले हे कलम. १९९९ मध्ये ते प्रथम प्रकट झाले, वर्षभरात व्हॉल्व्ह कंपनीने ते आपल्या पदरी घेतले, आणि २००३ च्या सुमारास आलेली त्याची १.६ ही आवृत्ती वऱ्हाडात अशी रुजली की पुढे नव्या आवृत्त्या आल्या तरी पोरे तिला सोडीनात. त्याचे कारण आमच्या अभिरुचीत शोधणे व्यर्थ आहे. ही आवृत्ती जुन्या, हिणकस यंत्रावर चालत असे, तिला स्वतंत्र ग्राफिक कार्ड लागत नसे, आणि मुख्य म्हणजे खेळाचा सर्व्हर त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या मालकाच्या मेजाखाली असे. बाहेरून हवी असे ती फक्त वीज. आणि वीज हीच नसे! अकोला जिल्ह्यातल्याच पारसला औष्णिक वीजकेंद्र धुराचे लोट सोडीत असताना अकोल्याच्या गल्ल्यांतून भारनियमनाचे वेळापत्रक पंचांगासारखे पाठ करावे लागे. 'डस्ट टू'च्या नकाशावर अखेरचा गडी उरला असता पडदा काळा झाला, म्हणजे त्या अंधारात उठणारा सामुदायिक आक्रोश ज्याने ऐकला नाही, त्याला त्या दशकातले वऱ्हाड पुरते समजले असे मी म्हणणार नाही.

आता या घडीत कन्सोल कोठे होता? जवळजवळ नव्हताच. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला तो २३,९९० रुपयांना, आणि प्लेस्टेशन ३ पुढच्या वर्षी ३९,९९० रुपयांना. पैशांचा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न सबबीचा होता. संगणक घरात येई तो 'शिक्षणासाठी'. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, आता पोराला कॉम्प्युटर लागेल, या एका वाक्यावर वडील सोसायटीतून कर्ज काढीत, आणि त्या पवित्र यंत्राच्या पोटात कोणता खेळ दडला आहे याची झडती कोणी घेत नसे. उलट कन्सोल म्हणजे उघडउघड खेळणे. चाळीस हजारांचे खेळणे वडिलांजवळ मागण्याची छाती अकोल्यात तरी मी कोणात पाहिली नाही. तात्पर्य असे की संगणक हे आमच्याकडे खेळाचे एक साधन नव्हते, एकमेव साधन होते. आणि ज्या काळात ते आमचे एकमेव साधन ठरले, नेमक्या त्याच काळात अमेरिकेतील आणि युरोपातील खेळ रचणाऱ्या कंपन्यांनी संगणकाकडे पाठ फिरविण्यास प्रारंभ केला.

त्यांची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. कन्सोल ही बंद पेटी. लक्षावधी घरांत तीच पेटी, तीच स्मरणशक्ती, तेच हाती धरावयाचे पॅड. एकदा रचले की सर्वत्र सारखे चाले. संगणकाचे तसे नाही; दर घरचे यंत्र निराळे. आणि दुसरे कारण आम्हीच होतो. पन्नास रुपयांच्या पायरेटेड सीडीवर अख्ख्या गल्लीने खेळावे, ही त्या व्यवसायाची रीतच होती; ज्याने सारा कधी भरला नाही त्याने जमाबंदीविरुद्ध दाद मागावी, तशी आमच्या तक्रारीची कायदेशीर अवस्था. तरीही ज्यांनी पदरचे पैसे टाकून अस्सल डबी विकत घेतली, त्यांच्याही हाती तोच माल पडला, म्हणून ती तक्रार दप्तरी नोंदविणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

या दुखण्याचे पहिले ठळक लक्षण २००३ च्या अखेरीस 'डेउस एक्स'च्या उत्तरार्धात दिसले. पूर्वार्ध २००० सालचा, ऑस्टिन शहरी सिद्ध झालेला, संगणकाच्या कीबोर्डावर पोसलेला, विस्तीर्ण आणि काहीसा वेडाबागडा ग्रंथ. उत्तरार्ध 'इनव्हिजिबल वॉर' रचताना मात्र एक्सबॉक्सची अवघ्या ६४ एमबीची स्मरणशक्ती डोळ्यांपुढे होती. त्यामुळे जेथे पूर्वी बेटे आणि बंदरे होती तेथे खोल्या आल्या, सर्व शस्त्रांना एकच दारूगोळा आला, आणि अक्षरे तर अशी ठळक झाली की सहा हात दूर सोफ्यावर रेललेल्या गृहस्थास ती वाचता यावीत. आमच्याकडे वीतभर अंतरावर नाक टेकून बसणाऱ्यास ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखी भासत.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला यात अनोळखी असे काही नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारकडे आल्यानंतर, आणि विशेषतः अमेरिकेतील यादवीने लँकेशायरचा कापूस तुटल्यावर, येथे कॉटन कमिशनर नेमले गेले, आणि आपला आखूड धागा मँचेस्टरच्या चात्यांस मानवत नाही म्हणून लांब धाग्याचे बियाणे पेरण्याचा उपदेश सुरू झाला. वऱ्हाडी कुणब्याने तो उपदेश ऐकून घेतला आणि रुईचा उतारा अधिक देणारा आपला आखूड धागाच पुढेही बहुतांशी लावला. बियाणे त्याच्या हाती होते. खेळाचे बियाणे आमच्या हाती नव्हते, एवढाच काय तो फरक. पण सगळा इतिहास त्या फरकात आहे.

खरा घाव बसला तो २००९ च्या नोव्हेंबरात. 'कॉल ऑफ ड्यूटी' ही मालिका २००३ मध्ये जन्मली ती संगणकावरच. तिचा २००७ सालचा 'मॉडर्न वॉरफेअर' हा अवतार लॅनवर उत्तम चाले, आणि काउंटर-स्ट्राइकचा कंटाळा आलेल्या मंडळींनी तो आनंदाने जवळ केला. साहजिकच त्याच्या पुढच्या भागाची वाट अधीरतेने पाहिली गेली. तो प्रकाशित होण्याच्या काही आठवडे आधी इन्फिनिटी वॉर्ड या त्याच्या कर्त्या संस्थेने जाहीर केले की संगणकावर आता खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालविता येणार नाही. कन्सोलवर जशी कंपनीच खेळाडूंच्या जोड्या लावून देते, तशी 'आयडब्ल्यूनेट' नावाची व्यवस्था येथेही लावील. लॅनची सोय नाही. एका सामन्यात माणसे जास्तीत जास्त १८. जगभरातून लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. तो अर्थातच फेटाळला गेला. बहिष्काराच्या शपथा घेण्यात आल्या, आणि ज्या दिवशी खेळ निघाला त्या दिवशी बहिष्कारवाद्यांच्या मंडळाच्या यादीवर कोण काय खेळत आहे ते कोणी तपासले, तो त्यांतले बहुसंख्य सभासद तोच खेळ खेळताना सापडले! विदेशी कापडाची होळी करून संध्याकाळी मलमलीचा सदरा घालणारे सद्गृहस्थ आमच्याही इतिहासात होऊन गेले असल्यामुळे मी त्यांना हसत नाही.

परंतु पाश्चात्त्य खेळाडूचे नुकसान आणि वऱ्हाडी दुकानदाराचे नुकसान यांची तुलना होऊ शकत नाही. तिकडच्या माणसाची एक सोय गेली. इकडच्याचा धंदाच गेला. भारत संचार निगमाच्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडबँडचा वेग प्रारंभी २५६ केबीपीएस होता, आणि दहा यंत्रांचा कॅफे अशाच एखाद्या बारीक धारेवर तहान भागवी. दोन मुले शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेली, कोपराला कोपर लागलेले. पूर्वी त्यांची गाठ खोलीतल्या तारेवर पडे, आता त्या दोघांना एकमेकांवर बंदूक रोखावयाची तर सातासमुद्रापलीकडच्या मध्यस्थाची अनुज्ञा घेऊन यावे लागे. मधल्या काळात लॅग असा की गोळी आज सुटावी आणि उद्या लागावी. मालकाने तो खेळ दोन यंत्रांवर घातला, आठवडाभर पाहिला, आणि काढून टाकून पुन्हा १.६ लावला. त्या व्यवसायाला नवे अन्न मिळणे थांबले, ते माझ्या मते येथून.

'जीटीए'ची गोष्ट थोडी निराळी, आणि माझ्या प्रतिपादनास किंचित अडचणीची. 'व्हाइस सिटी' या खेळावर वऱ्हाडातल्या एका पिढीने जीव टाकला, त्याच्या फसवेगिरीच्या कळा पाढ्यांसारख्या पाठ केल्या. पण तोही मूळचा प्लेस्टेशन २ चाच, २००२ च्या ऑक्टोबरात निघालेला आणि सात महिन्यांनी संगणकावर आलेला. म्हणजे कन्सोलचे अग्रपूजन हेच मूळ पाप आहे असे म्हणता येत नाही. त्या वेळी संगणकाच्या आवृत्तीवर कोणी मनापासून हात फिरविला होता, माउसने नेम धरता येत होता, गरीब यंत्रावरही गाडी धावत होती. २००८ च्या डिसेंबरात, कन्सोलनंतर सात महिन्यांनीच, चौथा भाग आला तेव्हा मुदत तीच होती, परंतु हात फिरविणारा नव्हता. बऱ्यापैकी यंत्रेही त्याच्यापुढे धापा टाकू लागली, आणि खेळ सुरू करण्याआधी दोन निरनिराळ्या दफ्तरांत नाव नोंदवावे लागे. त्याने मागितलेली जागा १६ जीबी. ब्रॉडबँडच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोकळीक असे. त्या सहा तासांत २५६ च्या वेगाने, तार एकदाही न तुटता, फार तर ६९० एमबी उतरावेत. हिशेब केला तर एवढा ऐवज आणावयास तेवीस-चोवीस रात्रींचे जागरण. पाचवा भाग तर कन्सोलनंतर दीड वर्षाने, २०१५ च्या एप्रिलात, संगणकास लाभला.

यानंतरच्या घटना मी भरभर सांगतो, कारण त्यांत शिकण्यासारखे नवे थोडे आहे. 'क्रायसिस' हा २००७ चा खेळ संगणकाचा अभिमान. तो पुरता चालविणारे यंत्र पाहावयास लोक पाहुण्यासारखे जात. त्याचा २०११ चा दुसरा भाग आला तो संगणकाच्या पडद्यावर 'स्टार्ट दाबा' असा आदेश घेऊन. स्टार्ट नावाची कळ असते पॅडवर. "स्टार्टचं बटन कोठी हाय बे?" असे विचारत कीबोर्ड उलटापालटा करणारा माझा मित्र मला अजून दिसतो, विंडोजच्या डाव्या कोपऱ्यातला 'स्टार्ट' तेवढा त्याच्या ओळखीचा. २०१३ च्या 'नीड फॉर स्पीड रायव्हल्स'ला सेकंदाला तीस चित्रांचे बंधन घातले होते, आणि ते कोणी खटपटीने काढले तर गाडीच दुप्पट वेगाने धावू लागे. २०१५ च्या जूनमध्ये 'बॅटमन: आर्खम नाइट'ची संगणक-आवृत्ती इतकी मोडकी निघाली की एका दिवसात विक्रीतून मागे घ्यावी लागली.

तोवर वऱ्हाडातल्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्याच होत्या. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्रांची नोंदवही आणि साडेचार फुटांच्या आतले आडोसे आणले. लॅपटॉप स्वस्त झाले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि २०१८ मध्ये पबजी खिशातल्या फोनवर. ज्या पोराने कधी पॅड हाती धरले नाही आणि माउसही धरला नाही, ते पोर काचेवर अंगठे फिरवून निष्णात झाले. २०२० च्या सप्टेंबरात त्या खेळावर सरकारी बंदी आली, तेव्हा कीबोर्डवाल्या आम्हा जुन्या मंडळींस फारसे दुःख झाले नाही, हे कबूल करतो.

एक योगायोग सांगावयाचा राहिला. २०१२ मध्ये निघालेला काउंटर-स्ट्राइकचा 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' हा अवतार मुळात आरंभला होता तो कन्सोलसाठी. हिडन पाथ नावाची संस्था जुना खेळ कन्सोलवर उतरवीत होती, त्यातून तो निघाला. कन्सोलवर तो लवकरच कोमेजला आणि संगणकावर दशकभर राज्य करून गेला. मूळ मार्गावरची गाडी एकदा का होईना फाट्यावरच येऊन राहिली.

मध्यंतरी अमरावतीस गेलो असता गाडगेनगराकडे एका भाच्याच्या खोलीवर उतरलो. रात्री वीज गेली, वायफाय गेले, आणि त्या चार मुलांपैकी एकाने पलंगाखालून धुळीने माखलेली निळी तार ओढून काढली. दोन लॅपटॉपांच्या बॅटऱ्या शिल्लक होत्या. त्याने १.६ उघडला, वरच्या रांगेतल्या 'लॅन' या शब्दावर टिचकी मारली, आणि यादीत एकच नाव उमटले, ते त्याच पलंगावर दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाचे.