अभावावर नेम : कॅन्सरच्या एका औषधाचा इतिहास

पेशीत जे आहे त्यावर औषधानं हल्ला करायचा, हे आपल्याला चटकन कळतं. पण ट्यूमरमधले कितीतरी बिघाड 'नसण्याचे' असतात. जनुक मोडलेलं, प्रथिन तयारच होत नाही. मग औषध चिकटणार कुठं? वैशेषिकांनी पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला, त्यावर आमच्या वर्गात मुलं हसायची. इथं मात्र अभावावरच नेम धरायचा होता.

वाट दाखवली फळमाश्यांनी. १९२२ मध्ये कॅल्विन ब्रिजेसना दिसलं, की दोन जनुकीय बदल सुटेसुटे असले तर माशी जगते, एकत्र आले की मरते. १९४६ मध्ये डोबझान्स्कींनी याला 'सिंथेटिक लेथॅलिटी' म्हटलं. यातला सिंथेटिक म्हणजे कृत्रिम नव्हे हं. मूळ ग्रीक अर्थ 'एकत्र ठेवणं'. संयोगानं येणारा मृत्यू, असं मी म्हणेन. १९९७ मध्ये हार्टवेल आणि फ्रेंड यांनी सहकाऱ्यांसह सुचवलं : ट्यूमरमध्ये एक जनुक आधीच गेलेलं आहे ना, मग त्याच्या जोडीदाराला औषधानं अडवा. हार्टवेल मूळचे यीस्टवर काम करणारे, डॉक्टर नव्हेत!

आता बीआरसीए जनुकं घ्या. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ती बिनचूक सांधायला मदत करतात. एकच धागा तुटला तर पार्प नावाचं एन्झाइम कामाला येतं. पार्प अडवलं की एकेरी तुटी तशाच राहतात, पेशी डीएनएची नक्कल करू लागली की दुहेरी होतात. बीआरसीए शाबूत असेल तर निभावतं. नसेल तर पेशी मरते. बीआरसीएचा दोष जन्मतः असलेल्या बाईच्या इतर पेशींत एक चांगली प्रत शिल्लक असते, म्हणून त्या वाचतात. सगळी मदार या फरकावर. (नंतर कळलं, औषध पार्पला डीएनएवरच अडकवूनही ठेवतं, म्हणजे गोष्ट इतकी सरळ नाही.)

२००५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी हे पेशींवर दाखवलं, एक शेफील्डचा, दुसरा लंडनचा. तोवर पार्परोधकांकडे केमोथेरपीला जोड म्हणूनच पाहिलं जाई. डिसेंबर २०१४ मध्ये ओलापॅरिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, बीआरसीए-दोष असलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरसाठी.

ट्यूमर मात्र गप्प बसत नाही. काही पेशींत त्याच मोडक्या जनुकात आणखी एक बदल होतो आणि प्रथिन पुन्हा तयार होऊ लागतं. २००८ मध्येच हे दिसलं होतं. अभाव भरून निघाला, की औषधाला धरायला काही उरत नाही.