विळ्याच्या आकाराची पेशी : कंपाला ते केळापूर

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण अंगाला, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत गोंड, परधान आणि कोलाम समाजाची जुनी वस्ती आहे. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. या मुलखात 'सिकलसेल' हा इंग्रजी शब्द आता मराठीच होऊन गेला आहे. 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक आणि 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण, ही परिभाषा ज्या घरात कोणी शाळेची पायरी चढलेले नाही तिथेही कळते. मात्र हा शब्द इथवर ज्या वाटेने आला ती वाट पूर्व आफ्रिकेतून जाते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे : रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या रोगात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. मग हाडे ठणकतात, प्लीहा सुजते, रक्त उतरते आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ते रुग्ण जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात या पेशी पाहिल्या आणि वैद्यकाला रोगाची ओळख झाली.

पुढची तीस वर्षे एक कोडे सुटत नव्हते. आफ्रिकेत वाहक अमाप सापडत. युगांडाच्या पश्चिम सीमेवरील बाआंबा लोकांत तर शंभरांत चाळीसच्या आसपास. रुग्ण मात्र क्वचितच दिसत. या आजारात खऱ्या आफ्रिकनाला काही होत नाही, अमेरिकेतील काळ्या लोकांत गोऱ्यांचे रक्त मिसळले म्हणूनच तिथे तो बळावतो, असाही तर्क काही विद्वानांनी मांडला. आज तो वाचताना हसू येत नाही, कारण त्या तर्कामागे न मोजलेली मुले होती. कंपालाच्या मुलागो इस्पितळातील डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी १९४५ मध्येच सांगून ठेवले होते की रोग आफ्रिकेत आहे, आपण तो ओळखत नाही. (हेच ट्रॉवेल पुढे अँग्लिकन पंथात धर्मगुरू झाले.) बेल्जियन काँगोत लांबोत-लग्रां या डॉक्टर दांपत्याने तान्ह्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा रुग्ण भराभर सापडू लागले. प्रौढांत रुग्ण नव्हते, कारण ते प्रौढ होतच नव्हते. तपासणीच्या रांगेत उभे राहत ते जगलेले लोक, आणि निष्कर्ष काढला जाई तो साऱ्यांविषयी.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. इतकी मुले दगावत असताना हा दोष वंशातून नाहीसा का होत नाही? केनियात लहानाचे मोठे झालेले अँथनी अ‍ॅलिसन १९४९ साली ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर केनिया पर्वताकडे गेले आणि वाटेत जमातींचे रक्त तपासत राहिले. समुद्रकिनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे वाहकांचे प्रमाण शेकडा वीसहून अधिक, तर थंड डोंगराळ प्रदेशात एकाहूनही कमी. जिथे मलेरिया, तिथे ही पेशी. पुढे युगांडात त्यांनी २९० मुलांची तपासणी केली. ४३ वाहक मुलांपैकी १२ जणांच्या, तर उरलेल्या २४७ पैकी ११३ जणांच्या रक्तात मलेरियाचे जंतू आढळले. १९५४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. एकेरी वारसा मलेरियापासून काही अंशी वाचवतो आणि दुहेरी वारसा मारतो, हा त्याचा अर्थ. याच संशोधनात लुओ जमातीच्या तीस प्रौढांना मुद्दाम मलेरियाची लागण करण्यात आली होती. पंधरा वाहक, पंधरा इतर. इतरांपैकी चौदा जणांच्या रक्तात जंतू वाढले, वाहकांपैकी दोघांच्याच. त्यांच्यावर पुढे उपचार झाले आणि ते स्वेच्छेने आले होते असे नमूद आहे. तरी वसाहतीच्या राज्यात 'स्वेच्छा' या शब्दाला किती वजन द्यावे, हा प्रश्न मनात राहतोच.

भारताशी दुवा जुळला तो हर्मान लेमान यांच्यामुळे. हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले हे ज्यू डॉक्टर युद्धानंतर कंपालात रक्तक्षयाचा अभ्यास करीत होते. १९५२ मध्ये त्यांनी मेरी कटबुश यांच्यासह निलगिरीतील इरुळा, कुरुंबा इत्यादी जमातींत हीच पेशी असल्याचे प्रसिद्ध केले. भारतातील ही पहिली नोंद मानली जाते. लेमान तिथेच थांबले नाहीत. या पेशीचे मूळ आशियात असावे आणि पूर्व आफ्रिकेत ती तिकडून गेली असावी, अशी उपपत्ती त्यांनी १९५४ मध्ये मांडली, तीही 'युजेनिक्स रिव्ह्यू' या सुप्रजाननवाद्यांच्या नियतकालिकात! सुप्रजाननाच्या नावाखाली ज्या देशात त्यांच्या बांधवांची कत्तल झाली, तिथून परागंदा झालेल्या माणसाचा लेख त्या पानांत यावा, हा योगायोग चमत्कारिक खराच. ती उपपत्ती टिकली नाही. १९८० नंतर जनुकांच्या सूक्ष्म अभ्यासातून आफ्रिकेतील चार आणि अरब-भारतीय एक असे पाच गट वेगळे दिसले, आणि दोष अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजला असे मानले गेले. २०१८ मधील एका अभ्यासाने मात्र पुन्हा, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाकडे बोट दाखवले आहे. वाद अजून मिटलेला नाही.

विदर्भाचे नाव या इतिहासात येते ते १९५८ साली. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक सर्वेक्षणे झाली आणि हा वारसा केवळ आदिवासींचा नाही, हेही स्पष्ट झाले. पण कंपालाची चूक इथे वेगळ्या रूपात पुन्हा घडली. १९८६ मध्ये ओडिशातील रुग्णांच्या अभ्यासातून दिसले की भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून त्यांचा रोग काहीसा सौम्य असतो. निरीक्षण खोटे नव्हते. परंतु 'भारतीय सिकलसेल सौम्य' हे त्याचे सुभाषित झाले, आणि सौम्य रोगासाठी खाटा, औषधे, तपासणी यंत्रे कोण मागणार? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट बदलली. त्यांनी वाहक मातांच्या नवजात बालकांची तपासणी केली आणि रुग्ण निघालेल्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. विदर्भातील मुलांचा रोग मुळीच सौम्य नाही, हे त्यातून पुढे आले. पाळण्यापासून मोजले तेव्हा चित्र पालटले.

शेजारच्या गडचिरोलीतून डॉ. अभय बंग यांनी स्वतःविरुद्ध दिलेली साक्षही इथे आठवते. सिकलसेलवरील आपले संशोधन शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी झाले, सरकारने दखल घेतली, पण लोकांना त्याची निकड वाटत नव्हती. प्रश्न आम्ही निवडला होता, त्यांनी नव्हे, असे ते मोकळेपणाने सांगत आले आहेत. ज्याला रक्ताचा दोष कळला पण औषध मिळाले नाही, त्याच्या पदरात फक्त एक शिक्का पडतो.

हा शिक्का विवाहाच्या वेळी अधिक बोचतो, आणि इथे आम्हा कॅथलिकांनाही उत्तर द्यावे लागते. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी 'कास्ती कोनुबी' या परिपत्रकात आनुवंशिक दोषाच्या कारणावरून विवाहाला बंदी घालणाऱ्या कायद्यांचा निषेध केला. अशा व्यक्तींना विवाहापासून परावृत्त करणारा सल्ला देण्यास मात्र हरकत घेतली नाही. चर्चच्या विधिनियमात आनुवंशिक रोग हा विवाहातील अडथळा नाही. गर्भाची तपासणी करून गर्भपात करण्याचा मार्ग आपण नाकारतो. तो नाकारल्यावर विवाहापूर्वीची तपासणी, गुप्तता राखून दिलेला सल्ला आणि जन्मलेल्या रुग्ण बालकाची आयुष्यभराची शुश्रूषा ही जबाबदारी आपल्याकडे येते. विवाहपूर्व शिबिरात संस्कारावर तीन व्याख्याने होतात, रक्तावर एकही होत नाही, हे काही भूषण नव्हे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचे आकडे मोठे असतात आणि ते वाचायला सोपे जातात. उपचार मात्र साधे आहेत : तान्ह्या मुलाला नियमित पेनिसिलिन, आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या. या गोळीचा अल्प डोस मुलांना लाभतो, हे नागपूरच्या चाचणीत २०१२ मध्ये दिसले. २०१९ मध्ये केनियातील किलिफी आणि युगांडातील एमबाले यांसह चार आफ्रिकी देशांतल्या सहाशेहून अधिक मुलांवरील अभ्यासात वेदनेचे झटके, मलेरिया आणि मृत्यू तिन्ही घटल्याचे आढळले. गोळी महाग नाही. ती चालू असताना ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते, आणि झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून त्या तपासणीसाठी मुलाला खांद्यावर घेऊन निघालेल्या बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो.